शेंदरी नदीची ठमाई

फार वर्षांपूर्वी, शेंदरी नदीवर पूल नव्हता आणि पैलतीराला जायला एकच नाव होती, तेव्हाची ही हकिकत. नाव होती सटवाजी भोयाची. शेंदरीच्या पोटात खडकच खडक, पण सटवाजीची नाव कधी कशाला घासलीसुद्धा नाही. खडकच त्याला वाट देत, असं म्हणतात. त्याच्या बापानं त्याला मिसरूड फुटून जुनं होईपर्यंत एकट्याला वल्हं धरू दिलं नव्हतं, आणि सटवाजीही आपल्या लेकीला, ठमीला, नावेच्या टोकाशी बसू देत नसे.

ठमी पंधरा-सोळाची होती. एका उन्हाळ्यात सटवाजी तापानं पडला, तेव्हा तिनं कुणाला न सांगता नाव सोडली. नावेत कासाबाई धनगरीण होती आणि तिच्या शेळ्या होत्या. मधल्या खडकावर नाव आपटली आणि उलटली. पाणी कमरेएवढं. कासाबाई उभी राहिली, शेळ्या पोहून काठाला लागल्या, एक बोकड मात्र वाहून गेला.

सटवाजी तापातच उठून नदीवर आला. म्हणाला, "आजपासून वल्ह्याला हात लावायचा नाही."

ठमी मान खाली घालून रडत होती. तेव्हा ज्या कासाबाईचा बोकड गेला, तीच ओल्या लुगड्यानं पुढं आली.

"सटवाजी, पोरीला वल्हं परत दे. आज पाणी कमरेला आहे. आज चुकली तर माझा बोकड गेला. उद्या पुरात पहिल्यांदा चुकली तर काय काय जाईल?"

सटवाजीनं वल्हं लेकीच्या पुढ्यात टाकलं आणि तो घरी निघून गेला.

त्या उन्हाळ्यात ठमी पुन्हा पुन्हा उलटली. गाव हसायचं. पण ज्या खडकावर ती आपटली, त्या खडकाची आणि तिची ओळख झाली, ती कायमची. वल्ह्याला कान लावला की पाण्याखालचा दगडन् दगड तिला आपली जागा सांगायचा, असं म्हणतात.

वर्षं गेली. ठमी लेकुरवाळी झाली, सटवाजी म्हातारा झाला. आणि एका श्रावणात डोंगर फुटल्यासारखा पूर आला. गावाच्या मागं ओढा फुगला, पुढं नदी. घरांत पाणी शिरलं. पैलतीरीची टेकडी तेवढी कोरडी होती. बायकापोरांची पहिली खेप नावेत बसली, ठमीही बसली. सटवाजीनं कुणाचं न ऐकता वल्हं घेतलं, कारण तो कधी चुकला नव्हता.

मधल्या धारेतल्या भोवऱ्यात नाव आडवी झाली. सगळ्या जन्मातली त्याची ती पहिली चूक. बायका पोरांना कवटाळून बसल्या, आणि सटवाजी वल्हं धरून नुसता उभा राहिला. चुकल्यावर पुढं काय करायचं असतं, हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

ठमी पुढं सरकली. "बा, द्या इकडं. नाव सरळ करायला जाऊ नका. तिला फिरू द्या."

तिनं वल्ह्याला कान लावला, भोवऱ्याबरोबर नाव गरकन फिरू दिली, आणि भोवऱ्यानंच ती पलीकडं फेकली. मग ती परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. खडकांनी माना खाली घातल्या आणि शेंदरीनं तिच्यापुरता श्वास रोखून धरला, असं म्हणतात. गावातलं एक माणूस गेलं नाही, पाळण्यातलं पोरसुद्धा नाही.

टेकडीवर सटवाजी लेकीजवळ येऊन बसला.

"ठमे," तो म्हणाला, "मला लहानपणी कुणी बुडू दिलं नाही गं."

ठमाईला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला सांगता येत नाही. आता नदीवर पूल आहे, गाड्या येतात-जातात. तरी दर वैशाखात, पाणी उतरलं की, गावातली वाढत्या वयाची मुलंमुली एकेक करून नावेत बसतात आणि ठमाईचं नाव घेऊन काठावरची माणसं नाव उलटवतात. पोर आपल्या पायावर उभं राहीपर्यंत कुणी हात देत नाही. कुणी हसतही नाही. मग गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस पाण्यात उतरतं, पोराच्या तोंडात गूळ घालतं, आणि वल्हं त्याच्याच हातात परत देतं.