मथाबाईच्या मडक्यातला दाणा

धप्प. धप्प. धप्प.

सुपडूनं हा आवाज ऐकला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. फार फार वर्षं झाली त्याला. नदीला पूर आला होता, तो बघायला सुपडू बंधाऱ्याजवळ येऊन राहिला होता, नुकतं उजाडत होतं, आणि बंधाऱ्याकडून कुणीतरी माती ठोकत असल्याचा आवाज येत होता. सुपडू धावत गेला. पाहतो तर मथाबाई. वर्षभरापूर्वी त्याच्याच गावात सून म्हणून आलेली ती पोर कमरेइतक्या पाण्यात उभी राहून एकटीच माती ठोकायची धुम्मस घालत होती. बंधाऱ्याला पडलेलं भगदाड तिनं दगडमातीनं बुजवत आणलं होतं. आदल्या दिवशी तिनं भुईला कान लावून सांगितलं होतं, "इथून पाणी फुटणार." कुणी मनावर घेतलं नव्हतं.

त्या एका बंधाऱ्यावर बारा गावं जगत. बंधाऱ्यातून पाट निघायचा, गावागावांच्या शेतांतून फिरायचा आणि सगळ्यांत शेवटी सुपडूच्या हिंगणखेड्याला पोचायचा. शेवटचं गाव ते. वरच्यांनी इमान राखलं तरच तिथं पाणी, नाहीतर नुसती ओली माती.

मथाबाईचा नवरा पाट राखायचा. तो गेला, आणि पाट तिनं राखायला घेतला. असं म्हणतात, ती पाटाच्या कडेनं चालू लागली की पाणी वासरासारखं तिच्यामागं यायचं. असं म्हणतात, एका दुष्काळात तिनं कोरड्या खडकावर तळहात ठेवला, तर खडकाला घाम फुटावा तसा पाझर फुटला. खरंखोटं पाण्यातल्या साती आसरांना ठाऊक. पण तिच्या हाताखाली हिंगणखेड्याची पाण्याची पाळी वीस वर्षांत एकदाही चुकली नाही, हे सुपडूनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग बारा गावांचा म्हातारा कारभारी वारला. पाण्याचा कारभारी म्हणजे लहान माणूस नव्हे. पाटलाचं शेत असो की विधवेचं, कुणाला पाणी केव्हा, हे तो सांगायचा आणि त्याच्या शब्दावर शब्द नसायचा. पाट कुणी राखायचा हेही तोच ठरवायचा. त्या जागेला दोन नावं पुढं आली. एक दगाजी नावाच्या शेतकऱ्याचं आणि एक मथाबाईचं.

निवडीची रीत अशी होती. आसरांच्या ओट्यावर घोंगडीच्या आडोशाला दोन मडकी ठेवायची. दर घराचा एक तुरीचा दाणा. ज्याला जो हवा, त्यानं त्याच्या मडक्यात टाकायचा. जी दोघं उभी असतील त्यांनी मात्र आपला दाणा समोरच्याच्या मडक्यात टाकायचा. आपणच आपल्याला निवडणं तिथं हलकं समजत.

पण दाणे टाकण्याआधी माणूस पारखायला नको का? बारा गावं ओट्याभोवती बसली.

"मथाबाई, हाक मारून दाखव," म्हातारा झिपरू म्हणाला. "पाणी सुटलं की लांबवर कळलं पाहिजे."

तिनं हाक मारली. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"अगं बाई, हा काय बाईमाणसाचा आवाज?" झिपरूनं कानांवर हात ठेवले.

मग ती हळू बोलली.

"आता काही ऐकूच येईना. ही कसला कारभार करणार?"

"पोरंबाळं नाहीत हिला," झिपरूची बायको म्हणाली. "माया कशी कळणार?"

"आणि असती तर?" शेजारीण म्हणाली. "सगळं पाणी पोरांच्याच शेतात गेलं असतं."

दोघींनी एकमेकींकडे पाहून मान डोलावली.

कुणी म्हणालं, नवऱ्याला अग्नी देऊन आली त्याच दिवशी ही बंधाऱ्यावर कामाला गेली, काळीज दगडाचं आहे. कुणी म्हणालं, पाटात पारडू बुडालं तेव्हा ढसाढसा रडली, मन कच्चं आहे. सुपडू दोन्ही ऐकत होता. दगडाचं काळीज आणि कच्चं मन एकाच बाईत कसं मावतं, हे त्याला कळेना. पण दोन्ही बोलणी ऐकताना त्याची मान हलली होती, हेही खरं.

मग झिपरू दगाजीकडे वळला.

"काय दगाजी, बरं आहे ना?"

"बरं आहे," दगाजी म्हणाला.

"झालं तर मग!" आणि सगळे जण दाणे टाकायला उठले.

सुपडू मथाबाईचं नाव मनात घेऊनच घोंगडीआड गेला. त्याचा हात तिच्या मडक्यावर आलाही होता. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, मला ती हवी आहे, पण वरच्या अकरा गावांतले लोक बाईचं ऐकतील का? नाही ऐकलं तर? माझा दाणा फुकट, वर भांडणं. हात सरकला. दाणा दगाजीच्या मडक्यात पडला. तो बाहेर आला तेव्हा आपण काय केलं हे त्याचं त्यालाच नीट समजलं नव्हतं.

मडकी पालथी केली. दगाजीच्या मडक्यातून तुरीची रास निघाली. मथाबाईच्या मडक्यातून एकच दाणा घरंगळला.

कुणीतरी मडक्यात हात घालून पाहिला. मग झिपरू म्हणाला, "असं कसं? मला तर तीच हवी होती. पण म्हटलं, तुम्ही लोक ऐकायचे नाहीत."

"आम्ही? अरे, आम्हाला वाटलं तुम्हीच ऐकणार नाही!" समोरून लोक म्हणाले.

हळूहळू बाराही गावं तेच बोलू लागली. बाई चांगली, पण लोकांना चालणार नाही. मग ज्याला चालत नाही तो माणूस कोण? असं म्हणतात, त्याला शोधायला दहा जण निघाले. सात दिवस घरोघर फिरले, खळ्यांत पाहिलं, मेंढरांच्या वाड्यांत पाहिलं. ज्याला विचारावं तो शेजारच्या गावाकडं बोट दाखवी. बारावं गाव संपलं तेव्हा ते पुन्हा पहिल्या गावाच्या वेशीत उभे होते. तो माणूस काही सापडला नाही.

दगाजी वाईट नव्हता. पण पाट राखायला त्यानं आपला मेहुणा ठेवला, आणि मेहुण्याला वरच्या गावांची भीड मोडवेना. पौषात हिंगणखेड्याची पाळी चुकली. माघात परत चुकली. सुपडूचा हरभरा घाट्यांत दाणा भरायच्या आत वाळू लागला.

मथाबाई पुढं कारभारी झाली की नाही, याच्या बारा गावांत बारा गोष्टी आहेत. एक चाल मात्र सगळीकडे एकच आहे. आजही तिथं कुणाला काही निवडायचं असलं की आधी मथाबाईच्या नावानं एक मडकं ओट्यावर ठेवतात. जो कुणी म्हणेल, "मला चालेल, पण लोकांना चालणार नाही," त्याला बायका तिथंच उठवतात. "कोण लोक? जा, घेऊन ये." तो माणूस घेऊन आल्याशिवाय त्याला दाणा टाकू देत नाहीत. कित्येक जण तसेच घरी गेले आहेत. आणि तिच्या मडक्यातला तो एक दाणा आपल्याच पणज्याचा होता, असं बाराही गावांतलं घर न् घर सांगतं.

सुपडूच्या घरात मात्र तसं सांगत नाहीत.

हरभरा वाळला तेव्हा तो मथाबाईकडे गेला होता. ती आपल्या वाफ्यात खणत होती.

"दाण्याचं सांगायला आलास?" ती म्हणाली. "सकाळी झिपरूभाऊ येऊन गेले. त्यांचाच होता म्हणे."

"नाही, वहिनी. तो दगाजीचा होता. रीतच तशी आहे."

तिनं कुदळ थांबवली.

"माझा दुसऱ्या मडक्यात पडला," सुपडू म्हणाला. "मला तुम्हीच हव्या होतात. खरं सांगतो. पण वाटलं, लोक ऐकणार नाहीत."

"कोण लोक, सुपडू?"

सुपडूनं वरच्या गावांकडं पाहिलं. मग वाळलेल्या शेताकडं पाहिलं. त्यानं वरच्या गावांकडं बोट उचललं आणि परत खाली घेतलं.

मथाबाईनं त्या बोटाकडं पाहिलं. मग तिनं कुदळ खांद्यावर घेतली, पदर खोचला आणि कोरड्या पाटाच्या कडेनं वर, बंधाऱ्याच्या दिशेनं चालू लागली.