भिंतीवरची पंगत

फार पूर्वी, राजे प्रजेला प्रश्न विचारत असत त्या काळी, एका गावात एक नवी सून आली. सासरा गावचा पाटील. सून बोलायची थोडं, बघायची फार.

त्या वर्षी राजाने दवंडी पिटवली. "आणखी पन्नास वर्षांनी आपलं राज्य कसं असेल, ते प्रत्येक गावाने देवळाच्या भिंतीवर रंगवावं. उत्सवाच्या दिवशी मी स्वतः बघायला येईन."

गावाने चितारी बोलावला. पाटलांनी सांगितलं तसं त्याने रंगवलं: किल्ल्याला नवे बुरूज, राजाच्या रथाला आठ घोडे, नदीवर दगडी पूल आणि चांदीच्या ताटांतली उत्सवाची पंगत. फक्त किनार राहिली. किनार त्या वर्षीच्या नव्या सुनेने काढायची, अशी गावची रीत.

सून गेरू कालवून भिंतीपाशी गेली. काढता काढता तिचं लक्ष पंगतीकडे गेलं. पाटांवर सगळे पुरुष. बायका पन्नास वर्षांनंतरही स्वयंपाकाच्या मांडवाशी उभ्या, हातात भांडी घेऊन. घोडेसुद्धा वाढले होते, बायका तेवढ्या जागच्या जागी.

त्या गावात पुरुषांची पंगत उठली की मग बायकांची बसायची. तोवर वडे गार आणि चिवट झालेले, आमटी तळाला गेलेली. बायकांना गारच आवडतं, असं सगळे पुरुष अगदी मनापासून मानत. बायकांना कोणी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

सुनेने किनार बाजूला ठेवली. पुरुषांच्या समोर तिने बायकांची रांग काढली, मांडी घालून ऐसपैस बसलेली. आणि भरघोस मिश्यांच्या एका गृहस्थाच्या हातात आमटीचं भांडं दिलं.

उत्सवाच्या दिवशी देवळापुढच्या मांडवात पाट मांडून झाले, वडे तळणीत पडले, राजाची स्वारी वेशीवर आली, तेव्हा कुठे पाटलांची नजर भिंतीवर गेली.

"सूनबाई, हे काय?"

"पन्नास वर्षांनंतरचं आहे, मामंजी."

"आत्ता पूस. नाहीतर संध्याकाळच्या आत माहेरची वाट धर. आणायला कोणी येणार नाही." पाटलांनी ओलं फडकं तिच्या हातात कोंबलं.

सुनेचं माहेर दोन डोंगरांपलीकडे, आणि परत आलेल्या मुलीसाठी तिथेही कोणी पाट मांडत नसे. तिने फडक्याची नीट घडी केली आणि पाटलांपुढे धरली.

"मी काढलंय, मी नाही पुसणार. तुम्हाला चूक वाटत असेल, तर तुम्ही पुसा."

पाटील चुळबुळले. "माझं काही नाही गं. पण लोक काय म्हणतील?"

"मग लोकांनाच पुसू दे."

पाटलांनी फडकं कारभाऱ्यांना दिलं. "आमची लेक तर घरी माझ्याच ताटात जेवते," कारभारी म्हणाले, "पण भटजींना चालायचं नाही."

भटजी दचकले. "मला? माझं लक्ष आपल्या पानावर. पण जुनी माणसं दुखावतील हो." आणि त्यांनी फडकं सुनेच्या नवऱ्याकडे सरकवलं.

"मला तर आवडलंय," नवरा पुटपुटला, "पण आईला..."

"हे काल घरी बोलला असतात तर बरं झालं असतं," सून म्हणाली.

फडकं सासूपाशी पोचलं. गावातली सगळ्यांत करडी बाई. उभ्या आयुष्यात तिने गरम वडा फक्त तळला होता. सुनेने मान खाली घातली नाही.

सासूने भिंतीकडे पाहिलं, त्या मिश्यांपाशी जरा जास्तच वेळ. मग ती वळली, पहिल्या पंगतीतला पहिला पाट फडक्याने पुसला, आणि त्यावर बसली.

"लोक, लोक करत म्हातारी झाले मी," ती म्हणाली. "आज सगळं गाव इथे आहे. यातले ते लोक कोण, त्यांनी पुढे यावं."

कोणी आलं नाही. एकेक करत बायका मात्र आल्या आणि सासूशेजारी बसल्या. पाटलांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि आमटीचं भांडं उचललं.

तेवढ्यात राजा आत आला. त्याने भिंत पाहिली, पंगत पाहिली, पुन्हा भिंत पाहिली.

"मी पन्नास वर्षांनंतरचं काढायला सांगितलं होतं. तुम्ही तर आजचंच काढलंत."

"महाराज, सकाळपर्यंत पन्नास वर्षं बाकी होती," सून म्हणाली.

सासूने वाफाळता वडा मोडून तोंडात टाकला. "मीठ कमी पडलंय. गार खाऊन कधी कळलंच नाही," ती म्हणाली. मग शेजारच्या पाटावर थाप मारली. "तू गं, उभी काय राहिलीस? बस. माहेरी जायचं ते आता दिवाळीला."

तात्पर्य: उद्याचे लोक कुठून बाहेरून येत नाहीत, ते आजचेच असतात. कोणीतरी आधी पाटावर बसावं लागतं, एवढंच.