तान्हा बिन गोदू

“ह्याच्या वर काय आहे?”

मुरलीधररावांनी पानावर बोट ठेवून विचारलं.

“वर काही नाही,” दाजीशास्त्री म्हणाले. “इथूनच सुरुवात.”

“असं कसं? वर कुणीतरी असणारच.”

ओसरीपुढे उन्हात लाल फडक्यांतली बाडं पसरली होती. त्यांतलं एक शास्त्रीबुवांनी उचललं, झटकलं, पानांत वेखंडाचा तुकडा सारला आणि बाजूला ठेवलं.

वाकेश्वर हे गोदाकाठचं लहानसं क्षेत्र. दाजीशास्त्री तिथले उपाध्ये, वय ऐंशीच्या पुढे गेलेलं. यात्रेकरू आला की त्याचं नाव, गाव, बापाआजाची नावं बाडात लिहायची आणि खाली त्याची सही घ्यायची, हा त्यांच्या घरातला दोनशे वर्षांचा शिरस्ता. कुणाला आपल्या पणजोबाचं नाव हवं असलं की तो इथे येई.

मुरलीधर निरगुडे तिसऱ्यांदा आले होते. आधीच्या दोन्ही खेपांना शास्त्रीबुवा “शोधतो” एवढंच म्हणाले होते.

मुरलीधरराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जुनी मोडी घडाघडा वाचायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नऊ वर्षं खपून त्यांनी निरगुडे घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला होता. पंधरा दिवसांनी इथल्याच धर्मशाळेत सगळ्या भाऊबंदांचा मेळावा होता. पुस्तक छापखान्यात पोचलं होतं. अडलं होतं फक्त पहिलं पान... मूळपुरुषाचं.

मूळपुरुष त्यांनी मनाशी पक्का केला होता. निरगुडीच्या गढीवरचा सरदार. सगळ्यांना सांगूनही झालं होतं. त्यांचे खापरपणजोबा तान्हाजी हे त्या सरदाराचे पुत्र, एवढा एकच पुरावा हवा होता.

“वाचा,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मोडी येते ना तुम्हाला?”

मुरलीधररावांनी चष्मा पुसला आणि ठणठणीत आवाजात वाचायला घेतलं.

“शके सतराशे पंच्याऐंशी. मौजे निरगुडी. तान्हा बिन...”

ते थांबले.

बिन म्हणजे ‘चा मुलगा’. बिनच्या पुढे बापाचं नाव येतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ते कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं.

“पुढे?”

“तान्हा बिन... गोदू.”

“हं.”

“हे बाईचं नाव आहे, गुरुजी.”

“हं.”

“लिहिणाऱ्याची चूक झालीय.”

“पुढे वाचा.”

आता आवाज उतरला होता. “गोदू, हातीं लेंकरू. लग्न जाहलें नाहीं. बापाचें नांव पुसिलें. बाई बोलली... मी आहे.”

त्याखाली शाईने काढलेला एक गोल होता. जरा वाकडा, पण बंद.

“आणि हे शून्य कसलं?”

“शून्य नव्हे. तिला लिहिता येत नव्हतं. तिने निशाणी केली. बांगडी आहे ती.”

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“तुमच्या पूर्वजांनी हे लिहिलंच कसं?” मुरलीधरराव अखेर म्हणाले. “बापाचं नाव नसताना?”

“बाईने लिहा म्हटलं.”

“गुरुजी, चारशे माणसं यायचीत. मी त्यांना काय सांगू?”

शास्त्रीबुवांनी उन्हातलं एक बाड उलटं करून ठेवलं.

“ह्या पानाला कसर लागली असती तर? खाल्लंच असतं ना ते? मी तसंच छापतो. पहिलं पान नष्ट झालं म्हणून. तुम्ही फक्त हो म्हणा.”

शास्त्रीबुवा उठले. आतून कात्री घेऊन आले. बाड मुरलीधररावांच्या मांडीवर ठेवलं आणि कात्री त्यांच्या हातात दिली.

“कापा.”

मुरलीधररावांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“खरंच कापू?”

“पान तुमचं आहे. कापण्याआधी पाठ तेवढी बघून घ्या.”

त्यांनी पान उलटलं.

पाठीवर दुसरी नोंद होती, बावीस वर्षांनंतरची. अक्षर वेगळं, ठळक. शेजारच्या गावांच्या नोंदी अंग चोरून बसल्यासारख्या बारीक, आणि ही एकटी अर्धं पान व्यापून.

तान्हाजी बिन गोदू. दस्तुर खुद्द.

म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हातचं. पोर मोठं झालं होतं, लिहायला शिकलं होतं, आईच्या पाठी पुन्हा इथे आलं होतं. कुठल्याही बापाचं नाव लिहिलं असतं तरी कोण पडताळायला जाणार होतं? गढी होती, सरदार होता. पाहिजे ते नाव उचलायची मुभा होती. त्याने दौतीत बोरू बुडवून, दाबून, मोठ्ठ्या अक्षरांत आईचं नाव लिहिलं होतं. ‘दू’चा उकार तर पानाच्या कडेपर्यंत ओढला होता.

मुरलीधररावांनी त्या उकारावरून कडेपर्यंत बोट नेलं.

कात्री त्यांनी खाली ठेवली.

“तुमच्या वृत्तांतात नावं किती?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“चारशे बारा.”

“कुणी राहिलं नाही ना?”

“नाही.”

शास्त्रीबुवांनी पुढचं बाड उचललं. झटकलं. फडकं बांधलं. गाठ मारली.

“...दोन राहिलीत,” मुरलीधरराव म्हणाले.

“कोण?”

“धाकटी बहीण. इंदुमती. नर्स होती. तिला मूल झालं तेव्हा... लग्न झालेलं नव्हतं. बापाचं नाव तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. वडिलांनी दार लावून घेतलं. मी आतच उभा होतो. तेहतीस वर्षं झाली. पुस्तकात वडिलांच्या नावाखाली मी लिहिलंय, अपत्य एक, पुत्र.”

“असतात कुठे त्या?”

“वैजापूरला.”

शास्त्रीबुवांनी डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे पाहिलं.

“साडेअकराची एसटी अजून मिळेल.”

*

दारावर पाटी होती. डॉ. विश्राम इंदुमती निरगुडे, पशुवैद्य.

मुरलीधररावांनी ती दोनदा वाचली आणि मग कडी वाजवली.

दार इंदुमतीनेच उघडलं. केस पांढरे झाले होते. ओळखायला तिला क्षणभर लागला. ‘ये’ मात्र ती म्हणाली नाही.

“दादा?”

“इंदू, तुला एक वाचून दाखवायचंय.”

“तेहतीस वर्षांनी?”

“उंबऱ्याबाहेरूनच वाचतो. मग सांगितलंस तर जातो.”

डायरीत उतरून घेतलेली नोंद त्यांनी वाचायला घेतली. मेळाव्यात वाचायला म्हणून कमावलेला तो ठणठणीत आवाज आता कुठल्या कुठे गेला होता.

“...बापाचें नांव पुसिलें. बाई बोलली...”

पुढे त्यांना वाचवेना.

“काय बोलली?” इंदुमतीने विचारलं.

“मी आहे.”

इंदुमतीने चौकटीला हात टेकला.

“मला पण विचारलं होतं रे सगळ्यांनी,” ती म्हणाली. “आईने, बाबांनी, दवाखान्यातल्या त्या मोठ्या बाईंनी. मी नुसती मान खाली घालून बसले. हे बोलायला पाहिजे होतं बघ.”

“इंदू...”

“पुस्तकात नाव हवंय म्हणून आलास?”

“पुस्तक थांबवलंय.”

“मग?”

“कशी आहेस, ते विचारायला आलो. कधी विचारलंच नाही.”

ती हसली की रडली, ते त्यांना नीट कळलं नाही.

“आत ये,” ती म्हणाली. “माफीबिफी मागत बसू नकोस हां. चहा उतू जाईल.”

चहा होतो न होतो तोच गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दाराशी काढून एक उंच माणूस आत आला. अंगाला गोठ्याचा वास, हाताला चुना लागलेला.

“विश्राम, हे तुझे मामा.”

“ओळखलं,” तो म्हणाला. “आईकडे फोटो आहे. हात धुऊन येतो, मग पाया पडतो.”

मुरलीधरराव खुर्चीवरून घाईघाईने उठले. का उठले, ते त्यांना सांगता आलं नसतं.

*

मेळाव्याच्या दिवशी वाकेश्वरच्या धर्मशाळेपुढचा मंडप माणसांनी फुलून गेला होता. जेवणं उरकली. मुरलीधरराव वृत्तांताचे कच्चे कागद घेऊन माइकपाशी गेले.

“दादा, पहिलं पान कुठाय?” चुलतभाऊ रंगनाथने पुढच्या ओळीतून विचारलं. “मूळपुरुष सांगा की!”

मुरलीधररावांनी नोंद वाचली. दोन्ही बाजू, सगळी. लग्न जाहलें नाहीं, हेसुद्धा.



रंगनाथ उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “हे असं चारचौघांत वाचायचं असतं का? आपल्या पोरींची लग्नं व्हायचीत अजून!”

मुरलीधररावांनी माइक जवळ ओढला.

“गोदूने चारचौघांतच सांगितलं होतं, रंगनाथ. ह्याच घाटावर. तिच्या पाठीशी तर कुणीसुद्धा नव्हतं.” मग त्यांनी मागच्या रांगेकडे हात केला. “आणि ती माझी धाकटी बहीण, इंदुमती. शेजारी तिचा मुलगा विश्राम. मी त्यांना पुस्तकातून गाळलं होतं. चूक माझी.”

माना वळल्या. इंदुमती ताठ बसून राहिली.



मग काठी आपटल्याचा आवाज झाला. यमुनाआत्या उठत होत्या. मुरलीधररावांच्या सख्ख्या आत्या, वय वर्षं शहाऐंशी.

“मुरली, तुझ्या त्या पुस्तकात मी कुठंय रे?”

“आहात ना, आत्या. आजोबांच्या नावाखाली... कन्या तीन.”

“त्या तिघींतली मी कितवी?”

मुरलीधररावांनी कागद उलटून पाहिला; तिथे फक्त आकडा होता.

“आणि माझी आई?”

तेही कागदावर नव्हतं. आजीला सगळे आजीच म्हणत.

आत्या काठी टेकत मागच्या रांगेपर्यंत गेल्या. इंदुमतीचा हात धरला.

“ऊठ गं. त्या उपाध्याकडे जाऊ. आपली आपण लिहून येऊ.”

दोघी मंडपाबाहेर पडल्या. त्यांच्यामागून रंगनाथची बायको उठली. तिची सून उठली. मग एकदम सगळीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कुणी लेकीला हाक मारत होतं, कुणी आईला हाताला धरून उठवत होतं.

दाजीशास्त्री ओसरीवर बसले होते. पायऱ्यांवरून बायांची रीघ येताना पाहून त्यांनी फक्त बाड उघडलं.

“नाव?”

“यमुना.”

“आई?”

“पार्वती. माहेरी तिला चिमी म्हणायचे. तेही लिहा.”

“लिहितो.”

इंदुमतीने नाव सांगितलं. मग विश्रामने. बिन म्हणताना तो जरा थबकला आणि मग आईकडे बघून मोठ्याने म्हणाला, तेव्हा रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. घाटावर कुणी टाळ्या वाजवलेल्या आजवर कुणी ऐकल्या नव्हत्या.

रांग हलत राहिली. कुणाला आई आठवत होती, कुणाला आईची आई. नाव विसरलेली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, आणि ते आठवताच पोरीसारखी हसली. आवडी, ठकू, सरस्वती, बयो, कोंडाबाई. कित्येक वर्षांत कुणी न उच्चारलेली नावं त्या दिवशी वाकेश्वरच्या घाटावर मोठमोठ्याने उच्चारली जात होती.

ऊन कलायला आलं तेव्हा रंगनाथ आला. एकटाच. बाजूला घुटमळला. मग रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “माझ्या आईचं माहेरचं नाव काय होतं, माहीताय का हो तुम्हाला?”

“वेणू,” यमुनाआत्यांनी लांबूनच सांगितलं. “गळा काय गोड होता तिचा!”

रंगनाथने मान फिरवून डोळे पुसले.

शास्त्रीबुवांची बोटं आखडली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं, इंदुमतीकडे पाहिलं आणि आपली गादी सोडून उठले.

“बस, पोरी. आता तू लिही.”

“मी? गुरुजी, तुमच्या बाडात...”

“अक्षर बरं आहे ना?”

ती बसली. रांग पुन्हा हलू लागली.

थोड्या वेळाने मुरलीधरराव शास्त्रीबुवांना शोधायला निघाले. म्हातारा ओसरीवर नव्हता, देवळात नव्हता. खाली पायऱ्यांच्या तोंडाशी बायांनी काढून ठेवलेल्या चपलांचा खच पडला होता. नव्या, झिजलेल्या, लहान पोरींच्या चिमुकल्या... शेकड्यांनी. त्यांच्या मधोमध दाजीशास्त्री उकिडवे बसले होते.

“गुरुजी, तुम्ही इथे? तुमची गादी तर तिकडे!”

शास्त्रीबुवांनी उलटी पडलेली एक चप्पल सुलटी करून तिच्या जोडीशेजारी ठेवली.

“तिकडे लिहायला माणूस आहे,” ते म्हणाले. “इथे चपला राखायला कुणी नव्हतं.”