साठ डोक्यांतलं गाणं

“चोर! सगळेच्या सगळे चोर!” कुसुंबपूरचे उदयभान महाराज पाठशाळेच्या दारात उभे राहून ओरडत होते. आत साठ विद्यार्थी माना खाली घालून उभे होते आणि त्यांचे गुरुजी, अनंतशास्त्री, घाईघाईने त्यांच्याकडचे कागद गोळा करत होते.

त्याचं असं झालं. महाराजांनी दसऱ्याच्या दरबारासाठी एक गाणं रचलं आणि वृत्त तपासायला शास्त्रीबुवांकडे पाठवलं. सोबत पाठशाळेच्या दारावर फलक लावला : ‘महाराजांची रचना उतरवून घेऊ नये, दुसऱ्याला देऊ नये, गुणगुणू नये.’ फलक वाचला मात्र, पोरांच्या हातांना खाज सुटली! एकाने गाणं उतरवलं, त्याच्याकडून दुसऱ्याने घेतलं, आणि दोन दिवसांत साठ नकला तयार! आज महाराजांची पालखी तिथून चालली होती, तर आतून साठ गळे गात होते :

“ये गं सये झोपाळ्यावर,
लिंबू पिळू पोह्यांवर!”

आता गाणं कसं होतं ते तुम्हीच ठरवा. पण ते चोरीला गेलं होतं, हे खरं.

“नकला आत्ताच जाळतो, महाराज,” शास्त्रीबुवा हात जोडून म्हणाले.

“आणि डोक्यातल्या नकला? त्या कोण जाळणार?” महाराज गरजले. “आठ दिवस देतो! एकाही डोक्यात माझी ओळ उरली, तर साठही जणांना हाकलीन आणि पाठशाळेला कुलूप ठोकीन!”

शास्त्रीबुवांनी कपाळाला हात लावला. विसरा म्हटलं की गाणं जास्तच आठवायचं! एकाने तर जेवताना पानातलं लिंबू बघून सूर लावला.

पाठशाळेत पोळ्या लाटणारी सगुणाबाई हे बघत होती. पाठशाळेला कुलूप लागलं की तिची चूलही विझणार. पण वीस वर्षं पोरांना जेवायला वाढून ती त्यांना पुरती ओळखून होती.

“शास्त्रीबुवा, घाबरता काय? ते गाणं परीक्षेला लावा की!”

“अगं बाई, पोरांनी ते विसरायला हवं! पाठ नाही करून घ्यायचं!”

“तेच म्हणतेय मी! मागच्या परीक्षेतलं कुणाला काय येतंय, ते आधी विचारून बघा.”

शास्त्रीबुवांनी विचारलं. साठांतल्या एकालाही एक अक्षर आठवेना. शास्त्रीबुवांना फार वाईट वाटलं आणि लगेच इतका आनंद झाला की त्यांनी टुणकन उडी मारली!

दुसऱ्या दिवशी अभ्यास सुरू झाला. झोपाळ्याचे प्रकार किती? सयेने यावे की येऊ नये, सप्रमाण सांगा. लिंबू आधी की पोहे आधी, यावर सात पंडितांची मते लिहा! पोरं रडकुंडीला आली. सातव्या दिवशी सकाळी परीक्षा झाली. घंटा वाजताच पोरं जी सुटली ती थेट नदीवर!

आठव्या दिवशी महाराज हजर. “एक ओळ म्हणून दाखवा! शिक्षा माफ, वर सोन्याचं कडं देईन!”

“ये गं... ये गं...” पहिला अडखळला. “कुठे बरं यायचं होतं?”

“मला फक्त लिंबाचे दोष आठवतात, महाराज,” दुसरा म्हणाला.

“ही ओळ विचारणार नाही, असं सांगितलं होतं!” तिसरा कुरकुरला.

शास्त्रीबुवांनी सगुणाबाईची युक्ती सांगितली, तसे महाराज पोट धरून हसले. आणि एकदम त्यांचा चेहरा पडला.

“अरे, पण मग माझं गाणं गाणार कोण? दसऱ्याला मी एकटाच गात बसू? सगुणाबाई, तू घालवलंस, आता तूच परत आण! नाहीतर कुलूप आहेच!”

स्वयंपाकघराच्या दारातल्या सगुणाबाईने पिठाचे हात पदराला पुसले. “त्यात काय! दसऱ्याला गाणं म्हणा आणि लगेच पुन्हा बंदी घाला! पलीकडच्या खोलीत तीनशे पोथ्या आहेत. हव्या तेवढ्या उतरवून घ्या म्हटलंय. कुणी बोट तरी लावतंय का? नुसती कसर लागलीय! फक्त महाराज, या खेपेला शिक्षा मात्र ठेवू नका.”

महाराज इतके हसले, इतके हसले की त्यांची पगडी घरंगळत चुलीपाशी गेली! त्यांनी खांद्यावरचा शेला सगुणाबाईला दिला आणि दोन दुभत्या म्हशी तिच्या दारात बांधल्या.

दसऱ्याला गाणं झालं आणि लगेच दवंडी फिरली, “हे गाणं कुणीही गुणगुणायचं नाही होऽऽ!”

गुणगुणताना पहिला सापडला तो दवंडीवालाच!