कथलाचा सांधा

एकदा एका वृद्ध कारागिराकडे एक तरुण शिष्य जुन्या काळच्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती घडवीत होता. हातभरच लांबी, पण पिंपासारखा बॉयलर, उंच धुराडे, चाके, सारे मुळाबरहुकूम. गावातल्या एका व्यापाऱ्याने ती आधीच मागून ठेवली होती. त्याच्या नव्या दालनात ती काचेच्या पेटीत झळकणार होती आणि खाली शिष्याचे नाव कोरले जाणार होते. त्या नावासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

व्यापारी न्यायला आला, तेव्हा वृद्धाने बॉयलरमध्ये पाणी भरून हातपंपाने दाब दिला. थेंबही गळला नाही. शिष्याची छाती फुगली. मग वृद्धाने शांतपणे इंजिनाच्या भट्टीत निखारे घातले.

"अहो गुरुजी, हे काय!" व्यापारी ओरडला. "पितळ काळं पडेल. मला हे कधी पेटवायचंच नाहीये!"

शिष्याचा चेहरा उतरला. बॉयलरचे तांब्याचे पत्रे चांदीने झाळायचे, म्हणजे चांदी वितळवून सांधायचे, ही त्या कामाची रीत. त्याला आच फार लागते, आणि हात चुकला की सारे मुसळ केरात. पेटणारच नसेल तर एवढा खटाटोप कशाला, म्हणून त्याने साध्या कथलावर भागवले होते. खरे सांगायचे तर तुम्ही-आम्हीही तेच केले असते. कथील थंड पाण्याचा दाब सोसते, विस्तवापुढे मात्र वितळते.

वाफ धरली, चाके जराशी हलली, आणि सांधा सुटला. पाणी निखाऱ्यांवर सांडून सगळे विझले.

व्यापारी हसला. "बरंच झालं. आत छोटी मोटर बसव. चाकं फिरली की झालं. नाव तुझंच राहील. कोणाला कळतंय?"

शिष्य संतापून गुरूकडे वळला. "यांच्यासमोर का पेटवलंत?"

वृद्ध म्हणाला, "घेणारा नको म्हणाला, तरी मी पेटवल्याशिवाय इंजिन देत नाही. ज्यानं हे पहिल्यांदा केलं, त्यालाही लोक म्हणाले असतील, घोडे आहेत की, हा जाळ कशाला? त्यानं पेटवलाच. त्याची नक्कल करायची, तर नुसता आकार घेऊन भागत नाही, त्याचा हट्टही घ्यावा लागतो. शेठजी विचारतात, कोणाला कळतंय. तुला कळेल. त्या पेटीपुढून जाशील तेव्हा दर वेळी कळेल. आता इंजिन तुझं, तू ठरव."

शिष्याने ओले इंजिन उचलून छातीशी धरले. "शेठजी, हे मिळायचं नाही."

"मूर्खा, हाती आलेलं नाव घालवतोस!"

"घालवतो."

त्याने सगळे सांधे उकलले आणि चांदीने झाळायला घेतले. मध्ये एक पत्राच जळाला. स्वतःलाच शिव्या घालीत त्याने नवा कापला. पुढे एका सकाळी अंगणात मांडलेल्या छोट्या रुळांवर ते इंजिन धूर ओकत धावू लागले. रस्त्याने जाणारा व्यापारी कुंपणापाशी थबकला.

"पार काळं करून टाकलंस की रे!"

शिष्याने मान वर केली नाही. भट्टीत कोळसा टाकत तो म्हणाला, "हो. पण धावतंय."

पायरीवर वृद्ध बसला होता. त्याने कोळशाची टोपली पुढे सरकवली.

आपले काम खरे आहे का, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने कोणी नको म्हटले तरी त्याखाली एकदा विस्तव घालावा.