हवेतली बांगडी

भुजंगराजाच्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली आणि सगळ्या राज्याच्या डोळ्यावर पट्टी आली!

झालं असं. वैद्याने राजाचा डोळा आठवडाभर बांधून ठेवला. तेवढ्या काळात राजाचं काहीएक अडलं नाही. पेला हातात येत होता, घास तोंडात येत होता, जोडे पायात येत होते. राजा म्हणाला, "मग दुसरा डोळा हवाच कशाला? उगीच झिजतो!" लगेच दवंडी पिटली. प्रत्येकाने एक डोळा बांधून ठेवावा आणि म्हातारपणी वापरायला काढावा! प्रधानजींनी तर हौसेने जरीची पट्टी शिवून घेतली. शिंप्याला सुईत दोरा ओवायलाच दुपार झाली, ती गोष्ट वेगळी.

गावात ताक भांड्याशेजारी पडू लागलं. वाकून नमस्कार करताना लोकांची डोकी एकमेकांवर आपटू लागली. पण राजाला सांगणार कोण?

शेवटी तानूबाई कासारणीने सांगितलं, कारण तिच्यावरच वेळ आली. एक डोळा बांधून राणीसाहेबांना हिरवा चुडा भरताना तिचा अंदाज चुकला आणि ऐन सणाच्या दिवशी बांगड्या वाढल्या. एक नाही, सगळ्या फुटल्या!

राजा कडाडला, "कासारणी, तुझं दुकान बंद! चल, हो राज्याबाहेर!"

"माझा हात नाही चुकला, सरकार. पट्टी चुकली."

"पट्टी मीही बांधली होती. माझं काय बिघडलं?"

"सरकारांकडे पेला चालत येतो. माझ्या बांगडीला हाताकडे जावं लागतं."

दरबारात बऱ्याच जणांना एकदम खोकला आला.

"फार बोलतेस!" राजा म्हणाला. "मग उद्या मला अशी वस्तू दाखव, जी डाव्या डोळ्याला दिसत नाही, उजव्यालाही दिसत नाही, पण दोघांना मिळून दिसते! नाही जमलं, तर वेशीबाहेर!"

प्रधानजी हसले. "शून्यात शून्य मिळवून काय दिसणार, बाई?"

"बघू की. शून्य दिसतं तर बांगडीसारखंच."

दुसऱ्या दिवशी तानूबाई एक पांढरा कागद आणि तारेचा चष्मा घेऊन आली. चष्म्याला एका बाजूला लाल काच, दुसऱ्या बाजूला निळी. दोन्ही तुकडे बांगड्यांच्या भट्टीतलेच. कागदावर दोन गोल होते, एक लाल, एक निळा, एकमेकांपासून जरासे सरकलेले.

"एक बांगडी धड काढता येत नाही?" प्रधानजी म्हणाले.

"सरकार, चष्मा लावा. उजवा डोळा मिटा. काय दिसतं?"

"कागदावर एक काळी बांगडी."

"आता डावा मिटा."

"तीच. कागदावरच. यात काय मोठंसं..."

"आता दोन्ही उघडा."

राजा ओरडला, "निघाली! कागद सोडून वर आली!" त्याने हात घातला. मुठीत काहीच आलं नाही. पुन्हा घातला. पुन्हा काहीच नाही.

प्रधानजींनी राजाचा चष्मा मागून घेतला आणि जरीच्या पट्टीवरच चढवला. "कुठे काय? कागदावरच आहे!"

"आधी पट्टी काढा, मग बोला!" राजा खेकसला.

"कागदावरची बांगडी एकेका डोळ्याची," तानूबाई म्हणाली. "हवेतली दोघांची."

"ही जादू आहे!"

"जादू कसली, सरकार! अंगठा नाकासमोर धरा. आधी हा डोळा मिटा, मग तो. अंगठा उडी मारतो ना? दोघे शेजारी राहतात, पण ज्याची त्याची खिडकी वेगळी. दोघांच्या सांगण्यात जो फरक पडतो, त्यावरून वस्तू किती लांब ते डोकं ठरवतं. मी ती दोन सांगणी कागदावर काढली. लाल काचेतून लाल रेघ दिसत नाही, निळीतून निळी. त्यामुळे ज्याचं त्याला पोचलं. बाकीचं सरकारांच्या डोक्याने केलं."

"माझ्या डोक्याने?" राजा हरखला. असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

तरी खात्री करायला त्याने स्वतः एक डोळा बांधला, सरबताची सुरई उचलली आणि म्हणाला, "प्रधानजी, पेला धरा."

पेला कोरडा राहिला. प्रधानजींची बाही वाळायला संध्याकाळ झाली.

राजा इतका हसला, की डोळ्यावरची पट्टी आपोआप गळून पडली. "सोडा सगळ्यांच्या पट्ट्या!" असं म्हणत त्याने मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि तानूबाईकडे भिरकावलं.

तिने पट्टी वर सारून ते हवेतच झेललं. ही बांगडी मात्र हाताला लागली!