बिनदाण्याचा लाडू

बाळगोपाळांनो, सागाच्या एका दाट रानात, ओढ्याकाठच्या जांभळीवर एक खार राहत असे. खार तशी गुणी. पहाटे उठावे, कामाला लागावे, कुणाचे वाईट चिंतू नये, दाराशी आलेल्याला उपाशी धाडू नये. दोष म्हणाल तर एकच. समोरच्याने "नको" म्हटले की तिला ते खरे वाटतच नसे. आता आग्रह करणे वाईट का? मुळीच नाही. आग्रहावाचून जेवलेला पाहुणा घरी जाऊन पुन्हा जेवतो, हे तुम्हीही पाहिले असेल. पण "एक तरी घ्याच", "बरं, अर्धा?", "निदान पाव?", "आता माझ्या गळ्याची शपथ" असे करत करत खार समोरच्याच्या तोंडात घास कोंबूनच थांबायची. रानडुक्कर म्हणजे खाण्याला कधी नाही न म्हणणारा प्राणी; पण तोही अलीकडे तिची जांभूळ टाळून लांबच्या वाटेने जाऊ लागला होता.

आणि ती खाऊ घालायची काय? तर लाडू. रानात चूल नसते. विस्तव दिसला की सगळे शेपट्या वर करून पळतात. म्हणून तिचे लाडू बिनचुलीचे. रानाच्या कडेला एक शेत होते. भुईमूग काढून झाला की मातीत राहिलेल्या शेंगा ती वेचून आणी, दाणे तापलेल्या कातळावर चार दिवस वाळवी आणि मग खडकातल्या खळग्यात दगडाने कुटायला बसे. दाण्यांची आधी भरड होते, मग कूट होते, मग ते कूट दगडाला चिकटू लागते, आणि घाईची मंडळी इथेच हात झटकून मोकळी होतात. खार मात्र कुटतच राही. आणखी थोड्या वेळाने कुटाला तेल सुटे आणि लोण्यासारखा मऊ गोळा होई. शेताच्या बांधाला गुरांसाठी ओट पेरलेले असत. ते सोलून, दगडाने चपटे करून ती त्या गोळ्यात कालवी, वरून मध घाली, लाडू वळी आणि पळसाच्या पानावर ओढ्याच्या गार कपारीत ठेवून देई. तासाभरात लाडू घट्ट होत. एक खाल्ला की दुपारपर्यंत भुकेचे नाव नाही. सगळे रान त्या लाडवांवर जीव टाकत असे, आणि खरे सांगायचे तर खारीला त्याचा थोडा ताठाही होता.

हिवाळा सरता सरता एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन त्या रानात राहायला आली. पाडस इतके वाळलेले, की लांबून फासळ्या मोजाव्यात. खारीने जांभळीवरून ते पाहिले. ती सरसर खाली उतरली.

"या हरिणबाई, बसा. अहो, लेकराची काय दशा झालीय ही! घे रे बाळा, लाडू घे. दोन घे."

पाडस पुढे झाले, तोच हरिणी मध्ये येऊन उभी राहिली.

"नको, खारूताई. राग मानू नका. याला भुईमूग सोसत नाही. गेल्या वर्षी शेतात एकच शेंग चावली, तर ओठ सुजले, घसा आवळला. नशिबानं वाचलं माझं लेकरू."

खार चकितच झाली. दाणा सोसत नाही? ज्या दाण्यावर तिची आई वाढली, आजी वाढली, तिची स्वतःची सात पिले गुटगुटीत झाली, तो दाणा? असे कधी कुणी ऐकले होते का? तिला आधी हसू आले, मग थोडा रागही आला. ही आई फार भित्री आहे, असे तिने मनात ठरवून टाकले. एकदा काहीतरी बाधले असेल, आणि बाई दाण्याच्या नावाने खडे फोडीत बसल्या! लेकरू वाळेल नाहीतर काय होईल?

तरी ती वरवर म्हणाली, "बरं बाई. उद्या सकाळी सगळ्यांना लाडवांना बोलावलंय मी. तुमच्या लेकरासाठी बिनदाण्याचा वेगळा करते."

आणि तिने खरोखर करायला घेतला, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. ओट घेतले, मध घेतला, कालवले, मुठीत धरले. मूठ उघडली तर भुगा. आणखी मध घातला. लाडू होईना, नुसते चिकट लगदे. ओटांना धरून ठेवायला दाण्याचा तो तेलकट गोळाच लागतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? दोनदा केले, तीनदा केले. असला फुसका लाडू आपल्या नावाने चार जणांत ठेवायचा? तिच्या जिवावर आले. कालचा दाण्याचा गोळा शेजारीच पानावर पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिले, इकडे तिकडे पाहिले, आणि बोराएवढा गोळा उचलून मिश्रणात टाकला. "बांधायपुरता तर आहे," ती स्वतःलाच म्हणाली. "पोटात गेल्यावर कोण विचारतंय! उलट सवय होईल. महिन्याभरात पाडस धष्टपुष्ट झालं, की हीच हरिणी माझे पाय धरील." लाडू कसा सुरेख वळला गेला. दाण्याचा वास लपावा म्हणून तिने तो रानतुळशीच्या चुरलेल्या पानांत घोळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी मंडळी जमली. कावळा आला, रानडुक्कर आला, साळिंदर आले, मोर आला. हरिणीही पाडसाला घेऊन आली, पण बाकीच्यांपासून चार पावले लांबच उभी राहिली. खारीने तो हिरवा लाडू पानावर ठेवून तिच्यापुढे नेला.

हरिणीने हळूच विचारले, "यात दाणे नाहीत ना, खारूताई?"

"छे हो!" खार म्हणाली. "वेगळा खळगा, वेगळा दगड. तुमच्यासाठी मुद्दाम."

हरिणीचे डोळे भरून आले. "एवढं आमच्यासाठी कुणी करत नाही हो," ती म्हणाली. तिने तो लाडू स्वतः ओठांत उचलला आणि पाडसाच्या तोंडाशी धरला. पाडसाने तो मिटक्या मारत खाल्ला. खारीला कृतकृत्य वाटले. पाहा, काही झाले का?

झाले, बाळांनो. आणि इतक्या लवकर झाले, की खारीची शेपटी हवेतल्या हवेत ताठ झाली. पाडसाने आधी कान खाजवला. मग मान खाजवली. मग त्याचे ओठ सुजू लागले. बघता बघता पापण्या फुगल्या, डोळे मिटत आले, आणि त्याच्या घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. त्याने "आई" म्हणायला तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही. चारही पाय दुमडून ते वाळूत कोसळले.

 खार आ वासून बघत राहिली. बोराएवढा गोळा! बोराएवढाच तर घातला होता! हे असे होऊ शकते, यावर तिचा आताही विश्वास बसेना, आणि ते तर डोळ्यांसमोर होत होते.

"साप!" कावळा ओरडला. "नाग डसला! मी पहाटे इथंच नाग पाहिला होता!"

एकच पळापळ झाली. मोर धावत जाऊन म्हाताऱ्या अस्वलाला घेऊन आला. हे अस्वल म्हणजे रानाची वैद्य. सगळे तिला अस्वलआजी म्हणत. ती धापा टाकत आली, तिने पाडसाचे पाय चाचपले, मान चाचपली, पोतडीत हात घातला.

"डसल्याची खूण दिसत नाही, पण अंगावर केस दाट आहेत," ती म्हणाली. "सापच असेल तर या मुळीनं ओकारी काढावी लागेल. काय खाल्लं होतं यानं?"

"काही नाही हो आजी," हरिणी म्हणाली. "खारूताईंनी दिलेला लाडू तेवढा. बिनदाण्याचा होता. मी विचारूनच भरवला."

अस्वलआजीने मान वर करून खारीकडे पाहिले. "बिनदाण्याचा?"

 सारे रान खारीकडे बघत होते. ज्यांनी वर्षानुवर्षे तिचे लाडू खाल्ले, तिचे नाव घेतले, ते सगळे. "हो" म्हटले की सुटका होती. सापाचे नाव झालेलेच होते. लाडू पाडसाच्या पोटात गेलेला. कुणाला काही कळणार नव्हते. आणि सापच असला तर? असेलही! कावळ्याने पाहिला होता ना!

खारीने मान हलवली. होकाराची हलवली. तुम्हाला धक्का बसला ना? मलाही दर वेळी बसतो. पण झाले ते असे.

अस्वलआजी मुळी ठेचू लागली. "ठीक. मग सापच," ती पुटपुटली. "नाहीतर ही मुळी देणं म्हणजे जीव घेणंच. दाण्यानं घसा असा आवळला असताना ओकारी आली, तर श्वास जागच्या जागी कोंडायचा."

ते शब्द खारीच्या कानांत तापल्या सळईसारखे शिरले. अस्वलआजीने मुळीचा लगदा बोटावर घेतला. हरिणीने पाडसाचे तोंड उघडून धरले. पाडसाची जीभ निळसर पडत चालली होती.

"थांबा!" खार किंचाळली. "दाणे होते! लाडवात दाणे होते! मी घातले! बोराएवढे... बांधायपुरते..."

अस्वलआजीचा हात तसाच थांबला. रानडुकराच्या तोंडातला घास खाली पडला.  हरिणीने खारीकडे पाहिले. त्या डोळ्यांत राग असता तर खारीने तो सोसला असता. पण तिथे राग नव्हता. आपण काय ऐकले, हेच त्या आईला समजत नव्हते.

"आणि मघाशी मान कशी हलवलीस गं?" अस्वलआजी गरजली. पण उत्तर ऐकायला ती थांबली नाही. मुळी फेकून देऊन तिने पोतडीच्या तळातून दुसरी कुपी काढली, पाडसाचे डोके उचलून धरले आणि तो रस थेंब थेंब त्याच्या जिभेखाली सोडला. एक थेंब. वाट पाहिली. दुसरा थेंब. पुन्हा वाट पाहिली. शिट्टी थांबेना. आता मात्र साळिंदरानेही तोंड फिरवले. तिसऱ्या थेंबानंतर कितीतरी वेळाने पाडसाची छाती भरून वर आली, आणि त्याने एक मोठा, खरखरीत श्वास घेतला.

"वाचेल," अस्वलआजी म्हणाली आणि मटकन खाली बसली.  "चार श्वास उशीर झाला असता, तर मला बोलवून उपयोग नव्हता."

 मंडळी पानांवरचे लाडू तसेच टाकून निघून गेली. तीन दिवस खार ढोलीबाहेर आली नाही. डोळे मिटले की ती शिट्टी ऐकू येई. चौथ्या दिवशी ती उतरली आणि ओढ्यापलीकडे हरिणीकडे गेली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाकडे रिकाम्या हातांनी गेली होती.

पाडस आता उठून चरत होते. सूज उतरली होती. खारीला पाहताच ते दचकले, धावत आईच्या मागे जाऊन लपले आणि त्याने तोंड घट्ट मिटून घेतले. खारीने काही पुढे केले नव्हते. हात मोकळे होते, तरीही. खारीला रडू कोसळले.

"चुकले मी, हरिणबाई," ती म्हणाली. "माझ्या मनात वाईट नव्हतं हो. लेकरानं बाळसं धरावं, एवढंच होतं."

"ठाऊक आहे मला," हरिणी म्हणाली. "मी नको म्हटलं होतं, ते तुम्ही ऐकलं होतंत ना?"

"हो."

"समजलंही होतं?"

खारीने मान खाली घातली. "हो."

"वैऱ्यानं लाडू दिला असता, तर मी हुंगला असता, उकलून पाहिला असता, आणि टाकून दिला असता," हरिणी शांतपणे म्हणाली. "तुम्ही दिलात, मायेनं दिलात, म्हणून मी माझ्या तोंडानं भरवला. माझ्या लेकराला माझ्याच तोंडानं, खारूताई."

 हरिणीने पाडसाला पुढे घातले आणि ती दुसऱ्या रानाच्या वाटेला लागली. "अहो थांबा, निदान घोटभर पाणी तरी," हे शब्द खारीच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले. ती दोघे झाडीआड दिसेनाशी होईपर्यंत खार तिथेच बसून राहिली.

तात्पर्य : मायेने जरूर वाढावे, पण पानावर आडवा हात आला की थांबावे. दुसऱ्याला काय सोसते ते त्यालाच ठाऊक असते. त्याचे "नको" डावलून खाऊ घातलेला घास मायेचा राहत नाही.